चालत्या रोबोचा कासरा

सहा पायांचा रोबो टेबलावर एकदाचा उभा राहिला की बघणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "रिमोटवर चालतो का?" तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तो पालक विचारतात, पॉलिटेक्निकच्या कॅपस्टोन प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक विचारतात, आणि अटल टिंकरिंग लॅबमध्ये सातवीतला मुलगा तर रोबो उभा राहण्याआधीच विचारतो. उत्तर 'हो' असेच आहे. मात्र त्या 'हो'मध्ये दोन वेगवेगळी कामे दडलेली आहेत. पहिले काम म्हणजे गेम कंट्रोलर आणि रोबो यांच्यात बिनतारी संपर्क जुळवणे. दुसरे म्हणजे त्या संपर्कावरून काय सांगायचे आणि तो तुटला तर रोबोने काय करायचे, हे ठरवणे. पहिल्या कामावर विद्यार्थी आठवडे घालवतात. दुसऱ्याकडे सहसा कोणी बघतही नाही. माझ्या मते खरे अभियांत्रिकीचे काम ते दुसरेच आहे.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न आता केवळ हौशी मुलांचा राहिलेला नाही. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६पासून देशभर शाळांतून टिंकरिंग लॅब उभ्या केल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच्या या योजनेत शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. देशातल्या अशा लॅबची संख्या १० हजारांवर गेली आहे, आणि २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली. लॅब आली की अर्डुइनो येतो, अर्डुइनोमागून सर्व्हो मोटर येतात आणि सर्व्हो आल्या की कोणीतरी पाय बनवायला घेतोच.

पाय बनवण्यात जालन्याची अडचण नाही. लोखंडाच्या सळयांच्या या गावात लेथवाला, वेल्डिंगवाला, पत्रा कापणारा शोधावा लागत नाही. ॲल्युमिनियमच्या पट्टीचे ब्रॅकेट कोपऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये वाकवून मिळते. अडते ते इलेक्ट्रॉनिक्सच्या मालाला. नेमका बोर्ड, नेमका रिसीव्हर हवा असेल तर छत्रपती संभाजीनगर गाठा, नाहीतर पुण्या-मुंबईहून कुरिअरने मागवा. चुकीचा मोड्यूल मागवला गेला तर बदली माल येईपर्यंत प्रदर्शनाची तारीख निघून जाते. त्यामुळे काय कशाशी जुळते हे खरेदीआधी माहीत असणे इथल्या मुलांना जास्त गरजेचे आहे.

पण आधी थोडे मागे जाऊ. चालणारे यंत्र माणसाने कसे हाकायचे, हा प्रश्न गेम कंट्रोलरपेक्षा जुना आहे. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत राल्फ मोशर या अभियंत्याने १९६०च्या दशकात चार पायांचा 'वॉकिंग ट्रक' बनवला. तो १९६८च्या सुमारास चालू लागला. सुमारे १४०० किलो वजनाच्या या यंत्रात चालक आत बसायचा. त्याचे दोन हात म्हणजे यंत्राचे पुढचे पाय, त्याचे दोन पाय म्हणजे मागचे. चालकाने हात उचलला की यंत्राचा पाय उठे, आणि यंत्राच्या पायाला अडथळा लागला की तो दाब चालकाच्या हातालाही जाणवे. कल्पना देखणी होती. पण चारही पायांचा हिशेब डोक्यात ठेवता ठेवता चालक काही मिनिटांतच थकून जाई. याउलट ओहायो स्टेट विद्यापीठात रॉबर्ट मॅकघी आणि केनेथ वॉल्ड्रन यांच्या गटाने १९८०च्या दशकात सहा पायांचे मोठे वाहन बनवले. त्यात चालकाच्या हाती फक्त जॉयस्टिक होती. कुठे जायचे ते माणूस सांगणार, कोणता पाय कधी उचलायचा ते संगणक बघणार.

बैलगाडी हाकणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कासरा ओढून दिशा सांगायची असते. बैलाने कोणता खूर कुठे टेकवायचा हे गाडीवान ठरवत नाही. गेम कंट्रोलर हा चालत्या रोबोचा कासराच आहे. ज्याने कंट्रोलरचे प्रत्येक बटण एकेका पायाला जोडले त्याने मोशरचा ट्रक पुन्हा बनवला, आणि त्याच्या अंगठ्यांची गतही त्या चालकासारखीच होणार.

तेव्हा कंट्रोलरकडून रोबोला नेमके काय हवे? तीन आकडे पुरतात : पुढे-मागे किती, डावी-उजवीकडे सरकणे किती, आणि जागेवर वळणे किती. कंट्रोलरच्या डाव्या काडीतून, म्हणजे जॉयस्टिकमधून, पहिले दोन मिळतात, उजवीतून तिसरा. काडीची किंमत पुष्कळ कंट्रोलरमध्ये ० ते २५५ अशी येते, मध्य १२८च्या आसपास. 'आसपास' हा शब्द महत्त्वाचा. हात न लावताही काडी नेमकी १२८वर बसत नाही, त्यामुळे मध्याभोवतीचा थोडा भाग शून्यच मानावा लागतो. नाहीतर रोबो टेबलावर एकटाच हळूहळू सरकत राहतो आणि मुले त्याला 'भूत' म्हणतात.

हे तीन आकडे चालीच्या प्रोग्रॅमकडे जातात. सहा पायांच्या रोबोची नेहमीची चाल तीन-तीनची असते : एका बाजूचा पुढचा व मागचा आणि दुसऱ्या बाजूचा मधला असे तीन पाय हवेत, उरलेले तीन जमिनीवर, मग अदलाबदल. जमिनीवरच्या तीन पायांच्या त्रिकोणात वजनाचा मध्य राहतो, म्हणून चाल कुठेही थांबवली तरी रोबो पडत नाही. काडीच्या आकड्यावरून पावलाची लांबी आणि दिशा ठरते. पाऊल कुठे टेकायचे हे ठरले की पायातल्या तीन सांध्यांचे कोन त्रिकोणमितीने निघतात. दहावीच्या पुढच्या पुस्तकातला कोसाइनचा नियम इथे पहिल्यांदा कामाला येतो, आणि गणिताच्या शिक्षकांनी या निमित्ताने लॅबमध्ये डोकावायला हरकत नाही.

आता संपर्काचे मार्ग. सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे एचसी-०५ हा ब्लूटूथ मोड्यूल आणि मोबाइलवरचे ॲप. स्वस्त आहे, अँड्रॉइड फोन घरात असतोच, आणि वीज-ग्राउंड सोडून दोन तारांत अर्डुइनोला जोडता येतो. चाकांच्या गाडीला हा मार्ग ठीक. चालत्या रोबोला मला तो पटत नाही. फोनच्या काचेवर बोटाला कड लागत नाही, त्यामुळे बटण कुठे आहे हे बघायला नजर रोबोवरून काढावी लागते. तोल सांभाळत चालणाऱ्या यंत्राकडे नजर हवी तेव्हा ती काचेवर जाते.

इथेच सर्वांत महागडा गैरसमज घडतो. एचसी-०५ ब्लूटूथ, सोनीच्या प्लेस्टेशन ४चा (पीएस४) कंट्रोलरही ब्लूटूथ, मग दोन्ही एकमेकांना जोडता येतील असे समजून दोन्ही मागवले जातात. ते जुळत नाहीत, कधीच नाही. ब्लूटूथच्या आत वेगवेगळ्या कामांच्या वेगवेगळ्या ठरलेल्या रीती आहेत. एचसी-०५ला फक्त सिरियल पोर्टची रीत येते, म्हणजे अक्षरांमागून अक्षरे पाठवणे. गेम कंट्रोलर मात्र कीबोर्ड-माउसच्या रीतीने बोलतो. आयफोनची ॲप्सही याच कारणाने एचसी-०५शी बोलू शकत नाहीत. दुकानदार हे सांगत नाही, आणि पाकिटावर फक्त 'ब्लूटूथ' एवढेच छापलेले असते.

दुसरा मार्ग जुना, पण आपल्याकडे अजून सर्वाधिक उपयोगी : पीएस२च्या धाटणीचा २.४ गिगाहर्ट्झचा बिनतारी कंट्रोलर, सोबत छोटा रिसीव्हर. सोनीने पीएस२ २०००मध्ये आणला. त्याच्या कंट्रोलरच्या नकला आजही काही शे रुपयांत मिळतात. हा ब्लूटूथ नाही, हेच त्याचे बलस्थान. कंट्रोलर आणि रिसीव्हर आपापसात जुळतात आणि अर्डुइनोला जणू तारेचा कंट्रोलर जोडलाय असेच वाटते. वीज आणि ग्राउंड सोडून डेटा, कमांड, अटेन्शन आणि क्लॉक या चार तारा पुरतात. पीएस२एक्स नावाची तयार लायब्ररी आहे आणि परदेशातल्या हौशी मंडळींचे कितीतरी सहापायी रोबो वर्षानुवर्षे याच जोडणीवर चालले.

खोड्या मात्र माहीत हव्यात. रिसीव्हरचे संकेत ३.३ व्होल्टचे, अर्डुइनो उनोचे ५ व्होल्टचे. अनेकजण थेट जोडतात आणि चालतेही, पण मध्ये व्होल्टेज उतरवणारी जोडणी घालणे शहाणपणाचे. डेटाच्या तारेला वर खेचणारा रोध लागतो, तो नसला तर आकडे उड्या मारतात. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट : डेटाची तार निसटली तर त्या रोधामुळे प्रत्येक बाइट २५५ वाचला जातो. बटणांच्या भाषेत याचा अर्थ 'काहीच दाबलेले नाही'. काड्यांच्या भाषेत मात्र अर्थ होतो 'पूर्ण खाली, पूर्ण उजवीकडे'. म्हणजे कोणी हात लावलेला नसताना रोबो मागे-उजवीकडे पूर्ण वेगाने निघतो. उपाय सोपा आहे. प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला कंट्रोलर आपली ओळख सांगतो आणि काड्या चालू असताना ती षोडशमान ७३ असते. ती आली नाही तर बाकीचे आकडे वाचूच नयेत. एका ओळीची ही अट मला फार थोड्या प्रोजेक्टमध्ये दिसली आहे.

तिसरा मार्ग ईएसपी३२ बोर्डाचा. एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप २०१६मध्ये आली. वायफाय आणि ब्लूटूथ अंगातच, किंमत अर्डुइनो उनोच्या आसपास किंवा कमी. ब्लूपॅड३२ ही लायब्ररी घातली की पीएस४, पीएस५, एक्सबॉक्स, निंटेंडो अशा बऱ्याच कंट्रोलरशी ती थेट बोलते. पण इथेही नावाचा सापळा आहे. मूळ ईएसपी३२मध्ये जुने 'क्लासिक' ब्लूटूथ आणि नवे कमी विजेचे 'बीएलई' असे दोन्ही आहेत. ईएसपी३२-एस३ आणि सी३ या नव्या चिपांमध्ये फक्त बीएलई आहे. पीएस४चा कंट्रोलर क्लासिकवर चालतो, म्हणून तो एस३शी जुळणारच नाही. नव्या एक्सबॉक्स मालिकेचा कंट्रोलर बीएलई बोलतो, तो जुळतो. २०१६च्या आधीच्या एक्सबॉक्स वन कंट्रोलरमध्ये तर ब्लूटूथच नव्हते. म्हणजे नवा, महाग बोर्ड घेतला म्हणून काम होईलच असे नाही. या प्रश्नात जुना बोर्ड सरस ठरतो.

रास्पबेरी पायवर कंट्रोलर जोडणे सर्वांत सुखाचे, कारण लिनक्सला बहुतेक कंट्रोलर ओळखीचे आहेत. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांचा 'पपर' हा छोटा चारपायी रोबो रास्पबेरी पायवर पीएस४चाच कंट्रोलर वापरतो. कॅमेरा लावायचा असेल, आरओएस ही रोबोंसाठीची सॉफ्टवेअर चौकट शिकायची असेल तर हा मार्ग घ्यावा. एरवी शाळेच्या खर्चात तो बसत नाही. ड्रोनवाल्यांचा फ्लायस्कायसारखा ट्रान्समीटर हाही चांगला पर्याय आहे. त्याचा पल्ला मोठा आणि संपर्क तुटल्यावर काय करायचे याची सोय मुळातच असते. फक्त मुलांच्या हातात तो अवघडतो.

आता अशा एका दोषाकडे जाऊ जो बिनतारी संपर्काच्या नावावर खपतो आणि असतो भलताच. "कंट्रोलर सारखा डिस्कनेक्ट होतो" ही तक्रार घेऊन आलेल्या रोबोची बॅटरी आधी बघावी. एमजी९९६आर ही लोकप्रिय सर्व्हो ६ व्होल्टवर अडकली तर अडीच अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते. अशा १८ सर्व्होंचा सहापायी रोबो उभा राहताना सगळ्या एकदम जोर लावतात. सर्वांत वाईट स्थितीत हिशेब ४५ अँपिअरवर जातो. रोज तेवढा लागत नाही, पण झटका बसतो, व्होल्टेज क्षणभर कोसळते आणि बोर्ड रीसेट होतो. बोर्ड पुन्हा सुरू होऊन कंट्रोलर शोधू लागतो आणि मुले म्हणतात, ब्लूटूथ खराब आहे. मग नवा कंट्रोलर येतो आणि तोही 'खराब' निघतो. सर्व्होंना वेगळी बॅटरी, बोर्डाला वेगळा रेग्युलेटर, दोन्हींचा ग्राउंड मात्र एकच. हे केले की निम्म्या तक्रारी संपतात. ग्राउंड एक करायचे राहिले तर सर्व्हो थरथरत राहतात आणि तेव्हाही दोष बिचाऱ्या कंट्रोलरवरच जातो. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या जालन्यात सर्व्हो आधीच तापलेल्या असतात, त्यात रोबोला तासभर नुसता उभा ठेवू नये. उभे राहणे हेसुद्धा सर्व्होला कामच असते.

खऱ्या रेडिओ अडचणी त्या मानाने कमी. भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा २००५च्या अधिसूचनेने ठरावीक ताकदीच्या आत विनापरवाना मोकळा आहे. त्यामुळे वायफाय, ब्लूटूथ, पीएस२चे रिसीव्हर, सगळे तिथेच दाटलेले. क्लासिक ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० उड्या मारत गर्दीतून वाट काढते. स्वस्त पीएस२ संचांत जोडणी आपोआप होते, कोणाशी व्हावी यावर आपला ताबा राहत नाही. म्हणून प्रदर्शनात तसलेच दोन संच शेजारी असतील तर एकामागून एक चालू करावेत.

आता ज्यासाठी हा सगळा आढावा घेतला तो प्रश्न. संपर्क तुटला तर काय?

चाकांच्या गाडीला उत्तर सोपे आहे, मोटर बंद करा. चालत्या रोबोला ते लागू पडत नाही. साध्या सर्व्होचा संदेश थांबवला की ती ढिली पडते आणि दोन किलोचा रोबो धपकन पोटावर येतो, गिअरचे दात जातात. उलट आहे त्या स्थितीत गोठवले तर चारपायी रोबोचे दोन पाय हवेत असू शकतात आणि तो कलंडतो. काहीच केले नाही तर आणखी वाईट, कारण शेवटचा आकडा स्मृतीत तसाच राहतो आणि रोबो चालतच राहतो. क्लासिक ब्लूटूथमध्ये संपर्क तुटला असे जाहीर करण्याची मूळ मुदत २० सेकंदांची आहे. सेकंदाला १० सेंटिमीटर चालणारा रोबो तेवढ्या वेळात दोन मीटर जातो. प्रदर्शनाचे टेबल तेवढे लांब नसते.

जालन्यातल्या मुलांना याचा चांगला नमुना पोलादाच्या धंद्यात सापडेल. जड माल उचलणाऱ्या ओव्हरहेड क्रेन आता पुष्कळ ठिकाणी रेडिओ रिमोटवर चालतात. अशा रिमोटवर लाल इमर्जन्सी बटण असतेच, आणि संपर्क तुटला तर रिसीव्हर स्वतःच वीज तोडतो. वीज गेली की स्प्रिंगचा ब्रेक आवळतो आणि भार जिथल्या तिथे राहतो. म्हणजे तिथे 'काहीच नसणे' हीच सुरक्षित स्थिती. आपल्या रोबोला ब्रेक नाही, म्हणून त्याची सुरक्षित स्थिती प्रोग्रॅमने घडवावी लागते. अर्धा सेकंद नवा निरोप आला नाही तर वेग शून्याकडे न्यावा, उचललेला पाय आधी टेकवावा, मग सहाही पायांवर उभे राहावे, आणि काही सेकंदांनी सावकाश बसावे. संपर्क परत आला तरी लगेच चालू नये. काड्या मध्यावर आल्या आणि स्टार्ट दाबले, तरच पुढे. एक खाचखळगा लिनक्सवाल्यांसाठी : तिथे काडीची किंमत बदलली तरच घटना येते. काडी स्थिर धरलेली असताना शांतता असते आणि ती संपर्क तुटल्याची खूण नसते. त्यासाठी कंट्रोलर जोडलेला आहे की नाही हे वेगळे तपासावे लागते.

गेम कंट्रोलर म्हणजे पोरखेळ, असा एक सूर अधूनमधून ऐकू येतो. जून २०२३मध्ये 'टायटन' ही पाणबुडी बुडाली तेव्हा ती लॉजिटेकच्या कंट्रोलरवर चालवत म्हणून जगभर टिंगल झाली. प्रत्यक्षात पाणबुडी चिरडली गेली ती तिच्या कवचाच्या दोषाने, कंट्रोलरचा त्यात संबंध नव्हता. अमेरिकी नौदलाने 'कोलोराडो' पाणबुडीच्या पेरिस्कोपसाठी एक्सबॉक्सचाच कंट्रोलर घेतला. कोट्यवधी हातांत घासून सिद्ध झालेली ही वस्तू आहे. तिला हिणवण्याचे कारण नाही.

तिच्या मर्यादा स्पर्धांमधून मात्र दिसतात. दूरदर्शनच्या रोबोकॉन स्पर्धेमुळे पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी मुलांच्या कित्येक पिढ्या घडल्या. आशियाई स्तरावरची स्पर्धा २००८मध्ये पुण्यातच झाली तेव्हा तिचा विषय चक्क गोविंदा आणि दहीहंडी होता. २०१९च्या मंगोलियातल्या स्पर्धेत निरोप्या घोड्यांची परंपरा घेऊन दोन रोबो होते. त्यातला पहिला माणसाने चालवला तरी चालत होता. दुसऱ्याला चार पाय हवेत आणि त्याने स्वतःच चालायला हवे, अशी अट होती. चालत्या रोबोकडून कंट्रोलर काढून घेतला की उरते ती चाल. ती आतून पक्की नसेल तर कंट्रोलर फक्त ते झाकत होता, हे तिथे उघडे पडते.

तेव्हा खरेदीपुरता माझा कौल असा. शाळेच्या लॅबने अर्डुइनो असेल तर पीएस२चा बिनतारी संच घ्यावा आणि ओळखीचा बाइट तपासण्याची ओळ विसरू नये. पॉलिटेक्निकच्या मुलांनी मूळ ईएसपी३२ घ्यावा आणि घरात किंवा मित्राकडे असलेला पीएस४चा कंट्रोलर वापरावा. एचसी-०५ चालत्या रोबोसाठी घेऊ नये. बॅटरीवरचा खर्च कंट्रोलरवरच्या खर्चाहून जास्त झाला तर तो योग्यच समजावा.

आणि प्रदर्शनात गुण देणाऱ्या परीक्षकांना एक विनंती. रोबो चालत असताना विद्यार्थ्याच्या हातातला कंट्रोलर मागून घ्या आणि तो बंद करा. रोबोने पाय टेकवले, तो उभा राहिला आणि मग शांत बसला, तर पैकीच्या पैकी गुण द्या. टेबलाच्या कडेकडे निघाला, तर आधी त्याला पकडा.